शेतावरची हत्यारपेटी : काय जमवावे, काय टाळावे



सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस उघडतो, जमिनीला वाफसा येतो आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई सुरू होते. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी, ही शिफारस आपणास माहीत आहेच. परंतु या महिन्यातले सगळेच दिवस पेरणीचे नसतात. हलक्या जमिनीतला वाफसा दोन दिवसांत निघून जातो. नेमका त्याच दिवशी पेरणीयंत्राच्या फणाचा बोल्ट सैल होतो. घरातला एकुलता एक पाना नटावर घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग ना नट घट्ट होतो, ना निघतो. तालुक्याहून माणूस परत येईपर्यंत वरच्या थरातील ओल उडालेली असते. पेरणी लांबली, उगवण विरळ झाली असे आपण नंतर म्हणतो. त्यात काही वाटा पावसाचा, तसा काही वाटा हत्यारपेटीचाही असतो.

अवजारांविषयी आपण पुष्कळ वाचतो व ऐकतो. अवजारे दुरुस्त करण्याच्या हत्यारांविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा शिक्षक आहे, लोखंडकाम हा त्याचा विषय नव्हे. म्हणून या लेखातील बरीच मते तालुक्याच्या गावी अनेक वर्षे लेथ चालवणाऱ्या एका मिस्त्रींची आहेत. आसपासच्या गावांतील पंप, मळणीयंत्रे, नांगर आणि मोडलेले शाफ्ट त्यांच्याकडे येतात. कोणत्या घरात कोणती हत्यारे आहेत हे आलेल्या नटाकडे पाहूनच आपल्याला कळते, असे ते सांगतात. जेथे त्यांचे मत पटले नाही, तेथे तसे नमूद केले आहे.

जमवण्याची रीत

बाजारात हल्ली चाळीस-पन्नास नगांचे संच प्लॅस्टिकच्या खोक्यात मिळतात. खोके देखणे असते, किंमतही बेताची असते. मिस्त्रींचा या संचांना स्पष्ट विरोध आहे. त्यातील निम्म्या मापांची शेतावर कधीच गरज पडत नाही आणि ज्या चार मापांची रोज गरज पडते, ती मऊ लोखंडामुळे वर्षभरात फाकतात. त्यांची रीत वेगळी आहे. एखाद्या हत्याराची गरज पहिल्यांदा पडली तर ते उसने आणावे. दुसऱ्यांदा पडली तर विकत घ्यावे, पण चांगले घ्यावे. अशा रीतीने तीन-चार हंगामांत पेटी भरते आणि तिच्यातील प्रत्येक नगाला काम असते.

ही रीत चांगली आहे, मात्र तिला एक अपवाद करावा लागतो. ज्यांची वस्ती गावापासून दूर शेतात आहे, त्यांना उसने आणण्यातच अर्धा दिवस जातो. त्यांनी सुरुवातीलाच पुढील हत्यारे घेऊन ठेवावीत : ८ ते २४ मिलिमीटरपर्यंतचे पाने, १२ इंची अॅडजस्टेबल पाना, १४ इंची पाईप पाना, पक्कड, दोन पेचकस, एक किलोची हातोडी, छिन्नी, हॅक्सॉ, एक चपटी व एक गोल कानस, ग्रीस गन आणि मापाची टेप. बाकीची हत्यारे गरजेप्रमाणे घेता येतात.

जुनी हत्यारे घ्यावीत का, असे पुष्कळजण विचारतात. ऐरण, हातोडी, पहार आणि बाकावर बसवायचा व्हाइस ही जुनी घेण्यास हरकत नाही. जुन्या बाजारात कधीकधी असा व्हाइस मिळतो की त्या वजनाचा नवा परवडणार नाही. फक्त त्याचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवून पाहावा, जबडे समांतर मिटतात का ते उजेडाकडे धरून पाहावे आणि ओतीव भागाला चीर नाही याची खात्री करावी. कानस, ड्रिलचे बिट, टॅप आणि व्हर्निअर कॅलिपर ही मात्र जुनी घेऊ नयेत. त्यांची किंमत त्यांच्या धारेत आणि अचूकपणात असते आणि तीच अगोदर खर्च झालेली असते.

पाने : सर्वांत जास्त नुकसान येथे होते

१३ नंबरचा पाना म्हणजे १३ मिलिमीटर बोल्टचा पाना, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मिलिमीटरच्या पान्यावरील आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतर दाखवतो. ६ मिलिमीटर बोल्टला १० नंबरचा, ८ मिलिमीटरला १३ नंबरचा पाना लागतो. १० मिलिमीटर बोल्टला जुन्या मानकाप्रमाणे १७, नव्याप्रमाणे १६ आणि १२ मिलिमीटर बोल्टला जुन्याप्रमाणे १९, नव्याप्रमाणे १८ नंबरचा पाना बसतो. १६ मिलिमीटर बोल्टला २४ नंबर लागतो. एकाच पेरणीयंत्रावर १६ आणि १७ असे दोन्ही नट निघाले तर नवल मानू नये. नंतर बदललेले बोल्ट वेगळ्या मानकाचे असतात एवढाच त्याचा अर्थ. म्हणून १६-१७ आणि १८-१९ असे दुतोंडी पाने पेटीत हवेतच.

खरा घोळ इंची मापांचा आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणित माप मांडले. त्या आट्यांचा कोन ५५ अंश आहे, तर मिलिमीटरच्या आट्यांचा ६० अंश. लिस्टर धाटणीची मंदगती डिझेल इंजिने आणि जुने पंप यांवर हे व्हिटवर्थ बोल्ट आजही सापडतात. या जातीच्या पान्यावरील आकडा नटाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे 'अर्धा इंच व्हिटवर्थ' असे कोरलेल्या पान्याचे तोंड मोजले तर ते पाऊण इंचापेक्षाही मोठे भरते. काही जुन्या ट्रॅक्टरवर तिसराच प्रकार असतो. त्यात माप इंचातच, परंतु आकडा पुन्हा नटाच्या बाजूंमधील अंतराचा असतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, म्हणून तेथे १९ नंबरचा पाना चालून जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेथे १३ नंबर ढिला बसतो आणि थोड्याच वेळात नटाचे कोपरे खातो.

बोल्टचेही तसेच आहे. अर्ध्या इंचाच्या नटात १२ मिलिमीटरचा बोल्ट दोन-तीन आटे चढतो आणि अडतो. पुढे जोर लावला की दोघांचेही आटे जातात. हाताने सहज चार-पाच फेरे फिरला नाही तर बोल्ट त्या नटाचा नाही असे समजावे, पाना लावून खात्री करू नये.

पाना वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात. गंजलेला किंवा फार घट्ट नट सोडवताना तोंडाचा पाना न वापरता रिंग पाना वापरावा. तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजूंवर भार देतो, रिंग पाना सर्व कोपऱ्यांवर भार वाटून देतो. नट एकदा हलला की पुढे तोंडाचा पाना चालतो. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलावाच लागला तर तळहात उघडा ठेवून ढकलावा, म्हणजे पाना सुटला तरी बोटांची हाडे लोखंडावर आपटत नाहीत. पान्याला पाईप जोडून लांबी वाढवण्याची सवय सोडावी. पान्याची लांबी बोल्टच्या ताकदीला धरून ठरवलेली असते. ८ किंवा १० मिलिमीटरचा बोल्ट पाईप लावून आवळला की तो आतून ताणला जातो आणि ऐन कामात तुटतो.

अॅडजस्टेबल पान्याविषयी मिस्त्रींचे मत फार कडक आहे. आपल्या दुकानात तो कोणाला वापरू देत नाहीत. लेथच्या दुकानात ते योग्यच आहे. शेतावर मात्र विहिरीच्या काठावर पंपाचे फ्लँज सोडवताना कोणत्या मापाचा नट निघेल याचा नेम नसतो, तेथे हा पाना जवळ असावाच. नियम एवढाच की, जबडा नटाला पूर्ण भिडवावा आणि ओढ अशा बाजूने द्यावी की भार स्थिर जबड्यावर येईल, सरकत्या जबड्यावर नव्हे. पाईप पान्याने नट कधीच सोडवू नये. त्याचे दात पाईपसाठी आहेत.

येथेच बोल्टच्या डोक्यावरील आकड्यांविषयी सांगितले पाहिजे. ४.६ आणि ८.८ हे आकडे बोल्टची ताकद दाखवतात. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की तुटण्याची ताकद प्रति चौरस मिलिमीटर न्यूटनमध्ये मिळते, म्हणजे अनुक्रमे ४०० आणि ८००. नांगराला किंवा ट्रॅक्टरच्या शाफ्टला काही ठिकाणी मुद्दाम कमी ताकदीचा बोल्ट दिलेला असतो. दगड किंवा मुळी लागली तर तो बोल्ट तुटावा आणि गिअर वाचावा, हा त्यामागचा हेतू. तो वरचेवर तुटतो म्हणून ८.८ चा बोल्ट घालणारे शेतकरी आहेत. त्यानंतर मोडतो तो गिअर.

मोजण्याची हत्यारे

पेटीतील कोणते हत्यार सर्वांत मोलाचे, असे विचारल्यास मिस्त्री व्हर्निअर कॅलिपरकडे बोट दाखवतील. कृषिविद्येचा माणूस साध्या टेपकडे दाखवील. रब्बी ज्वारीसाठी दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार झाडे बसतात. फण सरकून ओळीतील अंतर ५० सेंटिमीटर झाले तर तीच संख्या १ लाख ३३ हजारांवर येते. बियाणे तेच, खत तेच, आणि दहा टक्के झाडे कमी. म्हणून शेतात जाण्यापूर्वी सर्व फणांमधील अंतर टोकापाशी मोजावे, वर दांडीपाशी नव्हे. वाकलेला फण वर बरोबर आणि खाली चुकीचा असतो.

व्हर्निअरचा शेतकऱ्याला मुख्य उपयोग बेअरिंग ओळखण्यासाठी होतो. बेअरिंगवर ६२०५ सारखा क्रमांक कोरलेला असतो. ०४ पासून पुढे, शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये मिळते. ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर असते. क्रमांक झिजून गेला असेल तर ही तीन मापे घ्यावीत, दुकानदार त्यावरून बेअरिंग देतो. क्रमांकापुढची अक्षरेही लिहून न्यावीत, कारण दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले बेअरिंग आणि उघडे बेअरिंग यांचा मूळ क्रमांक एकच असतो. मळणीयंत्राच्या धुळीत उघडे बेअरिंग टिकत नाही. आता मोबाईल घरोघर आहे. बेअरिंग, पट्टा व मोटारीवरील पाटी यांचे फोटो काढून ठेवावेत, तेही हत्यारच समजावे. पट्ट्यावर बी-५२ असे लिहिले असेल तर 'बी' म्हणजे वरची रुंदी १७ मिलिमीटर आणि ५२ म्हणजे आतील लांबी इंचात. एका पुलीवर दोन-तीन पट्टे असतील तर सर्व एकदम बदलावेत. एकच नवा घातला तर सगळा भार त्या एकट्यावर येतो.

व्हर्निअर घेताना जबडे मिटवून दोन्ही शून्ये जुळतात का ते पाहावे. फिरत्या शाफ्टला तो कधीही लावू नये. तो हातोडी-छिन्नीबरोबर एका पेटीत टाकू नये. मिस्त्रींचा व्हर्निअर फडक्यात गुंडाळून वेगळ्या खणात असतो आणि तो खण मुलांनाही उघडायची मुभा नाही.

कापणे, कानसणे, आटे पाडणे

हॅक्सॉचे पाते दात पुढच्या दिशेला करून बसवावे आणि जोर पुढे जाताना द्यावा. जाड सळईला इंचाला १८ दातांचे, अँगलला २४ दातांचे आणि पातळ पाईपला ३२ दातांचे पाते घ्यावे. कापायच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. घाई करू नये. मिनिटाला ४०-५० फेरे पुरेत.

कानसही पुढे जातानाच कापते. ती मागे घासत आणली तर दात बोथट होतात. मुठीशिवाय कानस वापरू नये, तिचे मागचे टोक तळहातात घुसते. कानशीने ठोकणे किंवा ती तरफेसारखी वापरणे धोक्याचे आहे, कारण ती कडक असून काचेसारखी तुटते.

भोकाचे आटे खराब झाले की नवे आटे पाडण्यासाठी टॅप लागतो. १० मिलिमीटर बोल्टसाठी भोक ८.५ मिलिमीटरचे, ८ मिलिमीटरसाठी ६.८ आणि १२ मिलिमीटरसाठी १०.२ मिलिमीटरचे पाडावे. टॅप अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा तेल देत फिरवावा. तुटलेला टॅप आत राहिला तर साध्या ड्रिलने तो निघत नाही. म्हणून शेतकऱ्याने टॅपच्या फंदात पडू नये असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. ज्यांच्या घरी आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी अवश्य घ्यावा असे येथे सुचवावेसे वाटते.

धार लावणे

कडबा कुट्टीची पाती, कुऱ्हाड व विळे यांना ग्राइंडरवर धार लावताना पाते निळे पडू देऊ नये. निळे पडले म्हणजे लोहाराने दिलेले पाणी उतरले. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. पाते हलके टेकवावे, सारखे सरकवत ठेवावे आणि वरचेवर पाण्यात बुडवावे. वैभव विळ्यासारख्या दातेरी विळ्यांना ग्राइंडर लावूच नये, दात नाहीसे होतात. खुरपणीच्या दिवशी सकाळी खुरप्यांना धार लावून देणे हे घरच्या पुरुषांनी आपले काम समजावे. बोथट खुरप्याचा त्रास दिवसभर मनगटाला होतो आणि तो बहुधा बायकांच्या मनगटाला होतो.

ग्राइंडरचे दगड आणि टेकण यांतील फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. चष्मा लावावा. उपरणे, पदर किंवा हातमोजे फिरत्या दगडाजवळ नसावेत. नवा दगड बसवण्यापूर्वी लाकडाने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला नाही तर त्याला चीर आहे. दोन दगडांच्या ग्राइंडरचा डावीकडील नट उलट्या आट्यांचा असतो, हे माहीत नसल्याने तो सोडवताना पुष्कळजण अधिकच आवळतात. हातातल्या कटिंग मशिनचे संरक्षक झाकण काढून वापरण्याची पद्धत गावोगाव दिसते. चकती फुटली तर तिचे तुकडे थेट चेहऱ्याकडे येतात.

फवारणी पंपाची पेटी वेगळी

फवारणी पंपाचे वायसर, नोझल, छोटा पाना व मऊ ब्रश यांची पेटी स्वतंत्र ठेवावी आणि ती घरातील इतर हत्यारांत मिसळू नये. नोझल तुंबले तर तार किंवा सुई घालू नये, कारण भोक मोठे होऊन फवारा बिघडतो. तोंडाने तर कदापि फुंकू नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. गळका पंप पाठीवर घेण्यापूर्वी वायसर बदलणे पाच मिनिटांचे काम आहे, पण वायसर आणि पाना हाताशी असेल तर.

ठेवण आणि उसनवारी

हत्यारे खताच्या खोलीत ठेवू नयेत. युरिया, पोटॅश ही खते हवेतील ओलावा ओढतात आणि त्यांतील क्षारांमुळे लोखंड झपाट्याने गंजते. खतांच्या पोत्यांशेजारी ठेवलेले पाने एका पावसाळ्यात तांबूस होतात. कोकणात तर अधिकच काळजी घ्यावी. वापरानंतर तेलाच्या फडक्याने पुसून पेटीत ठेवावे, मुठींना मात्र तेल लागू देऊ नये.

सुटे नट-बोल्ट मापाप्रमाणे डब्यांत ठेवावेत. काढलेला प्रत्येक बोल्ट जपून ठेवणारे शेतकरी आहेत. ताणलेला किंवा आटे गेलेला बोल्ट डब्यात परत टाकला की घाईच्या दिवशी नेमका तोच हाती येतो. तो भंगारात द्यावा.

गावात राहून हत्यारे उसनी द्यायची नाहीत, हे जमण्यासारखे नाही. पहार, पाईप पाना, हातोडी द्यावी. व्हर्निअर, टॅप व ड्रिलचे बिट देऊ नयेत, काम असल्यास आपण स्वतः जाऊन करून द्यावे. मुठींना आपल्या घराचा रंग लावावा आणि पेटीच्या झाकणावर खडूने कोणी काय नेले ते लिहावे. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी सर्व नग बाहेर काढून पुसावेत आणि मोजावेत. झाकणावरची नावे पुसण्याची तीच वेळ. ज्याच्याकडे पाना राहिला आहे त्याला सणाच्या दिवशी आठवण केली तर तो रागावत नाही.

लेथवर न्यायची कामे

बिडाच्या भागाची चीर सांधणे, झिजलेल्या शाफ्टवर बेअरिंगची जागा करणे आणि वाकलेला शाफ्ट सरळ करणे ही कामे घरी करू नयेत. वाकलेला शाफ्ट ऐरणीवर ठोकून डोळ्यांना सरळ दिसतो, परंतु तो फिरताना थरथरतो आणि महिन्याभरात बेअरिंग खातो. विजेच्या मोटारीचे आतील काम व स्टार्टरची जोडणी ही परवानाधारक वायरमनचीच कामे आहेत.

लेथवर जाताना एकटा शाफ्ट नेऊ नये. त्यावर बसणारे बेअरिंग, पुली व चावी ही सोबत न्यावीत. कागदावर लिहिलेल्या मापावर मिस्त्री काम करतात, पण बेअरिंग किती घट्ट बसवायचे हे त्यांना प्रत्यक्ष बेअरिंग हातात घेऊनच ठरवता येते. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक लेथपुढे नांगर, पाभरी आणि पंपांची रांग लागलेली असते. रब्बीची मळणी आटोपली की मार्च-एप्रिलमध्येच सामान नेऊन टाकावे. त्या दिवसांत मिस्त्रींना बोलायलाही वेळ असतो.